ट्यूबलाइटच्या पगारावर

सांगलीच्या मार्केट यार्डात तात्यांचं अडतीचं दुकान आहे. बेदाणा आणि हळद, दोन्ही. गादीवर एक जुना कॅल्क्युलेटर असतो, डोक्यावर काळपट चॉकलेटी रंगाचे चार खण असलेला. परवा तात्या एका शेतकऱ्याचा हिशेब करत होते आणि मी गंमत म्हणून त्या खणांवर अंगठा ठेवला. आकडे फिके झाले आणि मग गेलेच.

"ओ सर, काय करताय! एक लाख चौदा हजारावर आलो होतो की."

अंगठा उचलला, शून्य उगवलं. तात्यांनी पुन्हा पहिल्यापासून बेरीज धरली. ती संपल्यावर मला चहा सांगितला आणि मूळ विषय काढला. आठवड्यापूर्वी एक विक्रेता येऊन गेला होता. कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या प्रत्येक बॉक्सवर टॅग लावा, बॅटरी लागत नाही, दिव्याच्या उजेडावर चालतो, माल कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल, असं त्याचं म्हणणं. "हे खरं असतंय, का नुसती थाप हाय?"

मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे यार्डातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. तात्यांना म्हटलं, टॅग खरा आहे, जागा चुकलीय. का ते सांगायला तीन चहा लागले. तेच इथं लिहितो.

टॅगचं काम एवढंच की 'मी अमुक नंबरचा' हे बिनतारी सांगायचं. हे सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली आपण सगळे वापरतो. पुण्याला जाताना तासवडेला आणि आनेवाडीला टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नाही. वरच्या रीडरमधून रेडिओलहरी येतात (आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामाला मोकळा आहे), स्टिकरचा अँटेना त्यातला किंचित भाग गिळतो, तेवढ्यावर आतली चिप जागी होते आणि तीच लहर कमी-जास्त परतवून आपला नंबर कळवते. लहानपणी आरशाने समोरच्या घरात कवडसा पाडायचो, मध्ये हात घालून तो लुकलुकवायचो, तसंच. उजेड सूर्याचा, लुकलुक आपली. परतलेल्या लहरीवर बोलायची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. यातली अडचण अशी की चिपला जागं व्हायलाच साधारण १० मायक्रोवॅट लागतात आणि अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. त्यामुळे असा टॅग मोकळ्यावर फार तर आठ-दहा मीटरवरून वाचता येतो, आणि समोर महागडा रीडर असावा लागतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे टॅगने स्वतःहून हाक मारायची. ब्लूटूथवर दर काही सेकंदांनी तो 'मी इथं आहे' म्हणतो आणि जवळचा कुठलाही मोबाइल ते ऐकू शकतो. रीडर नको, फाटक नको. पण स्वतः ओरडायचं म्हणजे पदरची शक्ती हवी, आणि ती बहुतेकदा बटण सेलमधून येते. विक्रेता जो टॅग दाखवत होता त्यात सेलच्या जागी कॅल्क्युलेटरसारखी पट्टी होती. (अडतीच्या धंद्यात पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद. या लेखात पट्टी म्हणजे उजेड खाणारी पट्टी. दोन्हींत शेवटी हातात काय उरतं तेच बघायचं असतं.)

तर उजेड किती? मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप टाकून मी दुकानभर फिरलो. एलईडी ट्यूबखाली गादीवर २१० लक्स. मागच्या फळीवर ६०. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या बोळात २०. बाहेर यार्डाच्या रस्त्यावर, भर दुपारी, नव्वद हजारांच्या आसपास. डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. पट्टीला तशी सोय नाही.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. शक्तीत सांगायचं तर पांढऱ्या एलईडीचा २०० लक्स उजेड म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६५ मायक्रोवॅट. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. भर उन्हात त्याच चौरस सेंटिमीटरवर १ लाख मायक्रोवॅट पडतात. म्हणजे लक्समध्ये ऊन साडेचारशे-पाचशे पट आणि शक्तीत दीड हजार पट! हे गणित चुकलेलं नाही. उन्हातली जवळपास अर्धी शक्ती डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, ती लक्समध्ये धरलीच जात नाही. एलईडी मात्र दिसेल तेवढाच उजेड टाकतो.

यातूनच एक मजेची गोष्ट निघते. छतावरच्या सोलर पॅनेलचा तुकडा कापून टॅगवर लावला तर? आमच्या पोरांनी तो प्रयोग करून हात पोळून घेतलेत. उन्हात झकास, ट्यूबखाली मरगळलेला.

कारण समजायला बाजारच बरा. उजेड कणाकणांनी येतो. प्रत्येक कण म्हणजे एक गिऱ्हाईक आणि त्याच्या हातात ठरावीक रकमेची नोट. तांबड्या कणाकडे दोन रुपये, निळ्याकडे पावणेतीन, अवरक्त कणाकडे रुपया-सव्वा रुपया. (रुपयाच्या जागी 'इलेक्ट्रॉन व्होल्ट' वाचलं की हेच भौतिकशास्त्र होतं.) प्रत्येक पदार्थाचं दुकान एकच वस्तू एकाच भावाने विकतं, आणि दुकानदाराचा नियम असा की सुट्टे मिळणार नाहीत. पण उरलेले पैसे त्याच्याही गल्ल्यात जात नाहीत, ते उष्णता होऊन वाया जातात. भावापेक्षा कमी पैसे घेऊन आलेला तर हात हलवत परत.

छतावरच्या सिलिकॉनचा भाव १.१२. उन्हात हा भाव शहाणपणाचा, कारण रुपया-सव्वा रुपयावाल्यांची झुंबड असते, त्यातले बरेच आत येतात. ट्यूबखाली ती झुंबडच नाही. सगळी गिऱ्हाइकं दोन-अडीच रुपयेवाली, आणि आपण त्यांना सव्वा रुपयाच्या आतली वस्तू विकून वरचे पैसे मातीत घालतोय. घरातल्या पांढऱ्या उजेडासाठी योग्य भाव १.९ च्या आसपास निघतो. कॅल्क्युलेटरवरचं अमॉर्फस सिलिकॉन १.७ च्या जवळ विकतं, म्हणून ते घरात बरं चालतं. जपानच्या सान्यो कंपनीने १९८० च्या सुमाराला कॅल्क्युलेटरसाठी या पट्ट्या काढल्या, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तोच माल टॅगवर येतोय.

साध्या सिलिकॉनचा दुसरा दोष गळतीचा. कृष्णेला पूर असताना पाटाला कुठे भगदाड आहे हे कोण बघतं? उन्हाळी आवर्तनाचं थोडकं पाणी सुटलं की मात्र तेच भगदाड सगळं पिऊन टाकतं. पॅनेलच्या आत अशा बारीक गळतीच्या वाटा असतात. उन्हात त्या जाणवत नाहीत, ट्यूबखाली घात करतात.

नवे पदार्थही आहेत. ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये दाखवलेली, रंगद्रव्यावर चालणारी पट्टी घरातल्या उजेडात उत्तम काम करते. पेरोव्हस्काइट नावाच्या कुळातल्या पदार्थांचा 'भाव' मिश्रण बदलून हवा तसा ठरवता येतो. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने त्यांची पहिली पट्टी केली. पण त्यात बहुधा शिसं असतं आणि दमट हवा त्यांना सोसत नाही. खाण्याच्या मालाच्या बॉक्सवर शिसं चिकटवायला मी तरी तयार नाही.

आता हिशेब. कॅल्क्युलेटरएवढी, साडेचार चौरस सेंटिमीटरची पट्टी घेतली. २०० लक्सखाली ती सुमारे १९ मायक्रोवॅट देते. मधल्या सर्किटची दलाली जाऊन १५ पदरात पडतात. नऊ वॅटचा एक बल्ब पेटवायला असल्या सहा लाख पट्ट्या लागतील. आणि ब्लूटूथच्या हाकेच्या क्षणी टॅगला हजारो मायक्रोवॅट हवे असतात. मग जमतं कसं?

गळक्या नळाखाली आंघोळ होत नाही. पण रात्री बादली लावून ठेवली तर सकाळी होते. टॅगमध्ये बादलीचं काम सुपरकपॅसिटर करतो. पट्टी थेंब थेंब भरत राहते, टॅग जवळपास सगळा वेळ झोपलेला असतो, मध्येच जागा होऊन काही हजारांश सेकंदांत एक हाक मारतो आणि परत झोपतो. जागं होणं, तापमान मोजणं आणि तीन वेगळ्या वाहिन्यांवर तेच वाक्य म्हणणं, या सगळ्याला मिळून १०० मायक्रोज्यूल धरू (एक मायक्रोवॅट सेकंदभर मिळाला की एक मायक्रोज्यूल, असे दहा लाख म्हणजे एक ज्यूल). झोपेत चिप, घड्याळ आणि भरणारं सर्किट मिळून ५ मायक्रोवॅट पीत राहतात असं धरू.

पुढचं गणित मी तात्यांच्याच कॅल्क्युलेटरवर केलं, अंगठा लांब ठेवून. दुकानात ट्यूब दहा तास, आठवड्यातून सहा दिवस. आठवड्याची कमाई ३.२४ ज्यूल. झोपेचा खर्च मात्र सातही दिवस, चोवीस तास, म्हणजे ३.०२ ज्यूल. शिल्लक ०.२२. त्यात हाका बसतात २,२००, म्हणजे साडेचार मिनिटांना एक.

तात्या म्हणाले, "म्हणजे सगळा पगार घरभाड्यातच गेला की." अगदी तसंच. लोकांना वाटतं टॅगचा खर्च बोलण्यात आहे. खर्च झोपण्यात आहे.

आता पट्टी दुप्पट करा. कमाई ६.४८ ज्यूल. झोपेचा खर्च तोच ३.०२. शिल्लक ३.४६, म्हणजे ३४,६०० हाका, साधारण साडेसतरा सेकंदांना एक. पगार दुप्पट, शिल्लक जवळजवळ सोळा पट. उलटंही तितकंच खरं. टॅग गादीवरून उचलून ६० लक्सच्या फळीवर ठेवा, कमाई तिसऱ्या हिश्शाहून खाली, भाडंसुद्धा निघत नाही. 'आमचा टॅग घरातल्या उजेडावर चालतो' एवढंच कुणी सांगितलं तर विचारायचं, किती लक्स, किती तास आणि सुट्टी किती. मी त्या विक्रेत्याच्या छापील कागदावर हे तीन आकडे शोधले. रंगीत फोटो भरपूर होते.

बादलीचा आकारही नेमका लागतो. शनिवारी संध्याकाळी सातला ट्यूब बंद झाली आणि सोमवारी नऊला लागली तर मध्ये ३८ तास अंधार. पाव फॅरडचा (फॅरड हे या बादलीच्या आकाराचं माप) सुपरकपॅसिटर ३.६ व्होल्टपासून २.२ व्होल्टपर्यंत उतरताना एक ज्यूल देतो, आणि ३८ तासांच्या झोपेला ०.६८ लागतात. भागतं. मग आणखी मोठा का नको? कारण मोठी बादली रिकामी झाली की भरायलाही तेवढाच वेळ. हाच कपॅसिटर शून्यापासून १५ मायक्रोवॅटवर भरायला ३० तास लागतात, दुकानाच्या भाषेत तीन दिवस. वर सुरुवातीला सर्किट स्वतःच अर्धमेलं असतं, त्याला धड भरताही येत नाही. या अवस्थेला इंजिनिअर 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. कोल्ड स्टोरेजच्या मालकाला हा शब्द सांगून बघा, तो भलतंच काही समजेल. यावर आमचा गावठी उपाय म्हणजे नवा टॅग काही मिनिटं उन्हात ठेवायचा. ट्यूबखालचे तीन दिवस तिथं चहा होईपर्यंत उरकतात.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. साध्या रुपयाएवढ्या बटण सेलमध्ये सुमारे २,४०० ज्यूल असतात. ट्यूबखालच्या त्या एका पट्टीची ही चौदा वर्षांची कमाई झाली. प्रत्यक्षात सेल एवढा टिकत नाही, थंडीत तो अडखळतो, हाकेच्या धक्क्याला त्याचं व्होल्टेज बसतं. तरीही दहा-वीस टॅग असतील तर मी निमूट सेल घालीन. उजेडाचा टॅग परवडतो तो संख्या हजारांत गेली की. पाच हजार सेल बदलणार कोण, जुने टाकणार कुठे? २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण यार्डाच्या उकिरड्यात पडलेला सेल गोळा करायला कुणी येत असेल असं मला वाटत नाही. लहान पोरांनी गिळण्याची भीती वेगळीच. सॅमसंगने २०२१ पासून काही टीव्हींच्या रिमोटच्या पाठीवर अशी पट्टी दिली, ती याच हिशेबाने.

आणि सांगलीची खास अडचण: हळद. तात्यांच्या दुकानात एक पट्टी पंधरा दिवस ठेवली आणि कमाई घटली. आधी वाटलं सर्किट बिघडलं. मग बोट फिरवलं तर बोट पिवळं. धूळ कुठलीही उजेड अडवतेच, पण हळद निळा उजेड गिळते, म्हणून तर ती पिवळी दिसते. आणि पांढऱ्या एलईडीत निळ्याचा वाटा चांगलाच असतो. पावणेतीन रुपयेवालं गिऱ्हाईक दारातच लुटलं गेलं! धोतराच्या सोग्याने तात्यांनी पट्टी पुसली आणि आकडा परत चढला. पाच हजार टॅग पुसायला मात्र सोगा पुरायचा नाही.

आता कोल्ड स्टोरेज. बेदाणा तिथं चारेक अंशांवर महिनोन् महिने असतो, पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सच्या थप्प्या छताला टेकलेल्या. दिवा लागतो हमाल आत शिरल्यावर. दिवसाला तासभर धरला तर कमाई ०.०५४ ज्यूल आणि झोपेचा खर्च ०.४३. कमाईच्या आठपट खर्च, म्हणजे तोटाच. तोही फक्त बाहेरच्या रांगेतल्या बॉक्सचा, आतल्या बॉक्सच्या नशिबी तेवढाही उजेड नाही. टॅगला उजेड मिळावा म्हणून रात्रंदिवस दिवे लावले तर दिव्यांच्या उष्णतेशी कॉम्प्रेसर झगडत बसणार आणि विजेचं बिल बेदाण्याच्या भावाच्या पुढे जाणार.

तिथं फास्टॅगच्या जातीचा टॅग बरोबर आहे. त्याला ना उजेड लागतो ना सेल. दारात रीडर लावायचा. बॉक्स आत जाताना एकदा वाचला, बाहेर येताना एकदा. मध्ये तो आत आहे एवढं कळलं की पुरे, बेदाणा काही उठून फिरत नाही.

दोन्हींचा संकरही होतो. टॅग बोलतो फास्टॅगसारखाच, कवडसा पाडून, पण चिपला जागं ठेवायचं काम पट्टी करते. मग रीडरच्या लहरीतून दहा मायक्रोवॅट गिळायची गरजच उरत नाही आणि टॅग कितीतरी लांबून वाचता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २०१९ च्या सुमाराला पेरोव्हस्काइटच्या पट्ट्या लावून असे टॅग करून बघितले गेले. दिवा गेला तर टॅग मरत नाही, नुसता जवळून वाचावा लागतो. मला ही तऱ्हा सगळ्यांत शहाणी वाटते. उजेडावर पोट नाही, उजेड वरकमाई आहे.

आणि निव्वळ उजेडावरचा टॅग कुठे शोभेल? मिरजेत. दवाखान्यांच्या त्या गावात मोठ्या रुग्णालयांचे कॉरिडॉर चोवीस तास उजळलेले असतात. व्हीलचेअर, स्ट्रेचर, सलाइनचे स्टँड एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात आणि गरजेच्या वेळी सापडत नाहीत. माझ्या वडिलांसाठी एका ठिकाणी व्हीलचेअर शोधायला मी वीस मिनिटं जिने चढलो-उतरलोय. ती शेवटी क्ष-किरण विभागाच्या दाराआड, लख्ख ट्यूबखाली उभी होती. तिथं आठवड्याला १६८ तास उजेड. त्याच एका पट्टीची कमाई नऊ ज्यूल होते, झोपेचे तीन वजा जाता सहा उरतात, म्हणजे दहा सेकंदांना एक हाक.

तात्यांनी विक्रेत्याला नाही सांगितलं. पण मी पोरांकडून करून घेतलेला दोन पट्ट्यांचा एक टॅग त्यांच्या काट्याच्या वर, ट्यूबखाली, खिळ्याला अडकवून ठेवला. तात्यांना त्याचा नाद लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलवर तापमान दाखवायचे. मग दिवाळी आली. बेदाण्याचे सौदे झिरो पेमेंटसाठी बंद झाले. देणी-घेणी शून्यावर आणायची, मग नवे सौदे. त्या काळात तात्या तासभर येऊन पुढच्या गादीवर वह्या बघायचे, मागची ट्यूब लागतच नव्हती. तिसऱ्या दिवशी मला फोन आला.

"सर, तुमचा टॅग गप झालाय."

बादली आटली होती. म्हटलं, सौदे सुरू झाले की उन्हात ठेवा दहा मिनिटं, बोलेल परत.

"तसं व्हय," तात्या म्हणाले. "म्हणजे त्याचंबी झिरो पेमेंट झालं म्हणा की."